वायद्याचा दिवस : १ जुलै

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात खारदांडा येथे दिलेले भाषण)



संस्थेच्या चालकांनी या मेळाव्यात चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आमची थोडी तारांबळच उडाली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. सारे आयुष्य गेले ते लहान मुलांस पाढे आणि हिशेब शिकविण्यात. विद्वानांच्या सभेत बोलावे असे आमच्यापाशी काही नाही. परंतु मेळाव्याची तारीख पाहिली आणि विषय आपोआपच सुचला. आज १ जुलै. या एकाच तारखेस पैशाच्या व्यवहारातील किती मोठमोठ्या घटना घडल्या, आणि त्यांचा आपल्या दांड्याच्या किनाऱ्याशी काय संबंध, एवढेच आज सांगावे असे योजिले आहे.

प्रथम आपल्या घरचीच गोष्ट घेऊ. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींस मासेमारीची बंदी असते. हे दिवस एकूण एकसष्ट. आता आम्ही मास्तर असल्यामुळे बोटे मोजण्याची आमची खोड काही सुटत नाही. मोजून पाहा. जूनचे तीस दिवस मागे, जुलैचे उरलेले तीस दिवस पुढे आणि बरोबर मधला दिवस हा १ जुलैचा! होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढलेल्या आहेत, वलांड्या रिकाम्या आहेत, वैशाखातील कमाई संपत आली आहे आणि नारळी पौर्णिमा अद्याप दूर आहे. कायदा पुढे झाला. रीत त्याच्या कितीतरी आधीची. म्हणजे वर्षातील ज्या दिवशी कोळ्याच्या घरी खर्च पुरा आणि आवक शून्य, त्या दिवसांच्या मध्यावर आज आपण बसलो आहोत.

बाहेरच्या जगातही ही तारीख हिशेबाचीच आहे. ३० जूनला इंग्रजी वर्षाचा पूर्वार्ध संपतो. पूर्वी बँका या दिवशी सहामाही वह्या बंद करीत. आपल्या रिझर्व्ह बँकेचे हिशेबाचे वर्ष तर १९४० पासून २०२० पर्यंत जुलै ते जून असेच होते. जुनी वही मिटली की दुसऱ्या दिवशी नवी उघडावयाची. म्हणून नवा कायदा, नवी संस्था, नवा कर यांस हा दिवस सोयीचा पडतो. आणि जुन्या वहीतील जे फेडावयाचे, तेही याच सुमारास दारात येऊन उभे राहते. तेव्हा या योगायोगात चमत्कार काही नाही. पण शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली घटना अगदी लहान, अर्ध्या आण्याची. १ जुलै १८५२ रोजी सिंध प्रांतात टपालाचे चिकटविण्याचे तिकीट प्रथम सुरू झाले. आशिया खंडातील ते पहिलेच तिकीट समजले जाते. सिंध त्या वेळी मुंबई इलाख्यात मोडत असे आणि तेथील कमिशनर होता बार्टल फ्रियर. अर्धा आणा आधी द्यावयाचा, त्याबदली कागदाचा एक तुकडा घ्यावयाचा आणि तो लावला की पत्र पोहोचणार. नीट विचार केला तर हाही एक वायदाच होय. पैसे आज, काम उद्या. पण तो पाळला गेला, म्हणून लोकांचा त्या कागदावर विश्वास बसला.

तोच फ्रियर पुढे मुंबईचा गव्हर्नर झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत याच तारखेने मुंबईस दुसऱ्या प्रकारच्या कागदाचा धडा शिकविला. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटले. तिकडचा कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि आपल्या इकडील कापसास सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा जणू पूर लोटला. कापसात मिळालेला पैसा शेअर्समध्ये गेला. रोज एक नवी बँक, रोज एक नवी कंपनी! समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या तर विशेष लोकप्रिय झाल्या. बॅक बे बुजविण्यासाठी निघालेल्या कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला. ज्या पाण्यात आपले पूर्वज जाळी टाकीत, ते पाणी अद्याप पाणीच होते. पण कागदावर त्याची जमीन होऊन तिची खरेदी-विक्रीही चालू झाली होती. प्रेमचंद रायचंद हे या बाजाराचे अनभिषिक्त राजे होते. विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरसाठी त्यांनी आपल्या मातोश्रींच्या नावे देणगी दिली, ती याच भरभराटीत.

या बाजारात एक खेळ फार चाले. पैसे आज द्यावयाचे नाहीत, शेअर आज घ्यावयाचा नाही. फक्त अमुक भावाने अमुक दिवशी घेईन असा शब्द द्यावयाचा. यासच वायद्याचा व्यवहार म्हणतात. भाव चढत राहिला तर मधल्यामधे नफा. गाठीस दमडी नसली तरी चालते. असे शेकडो वायदे ज्या एका दिवसावर येऊन ठेपले होते, तो दिवस होता १ जुलै १८६५.

परंतु त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील युद्ध आटोपत आले. ती बातमी मुंबईस पोहोचताच कापूस कोसळला आणि कापसामागोमाग शेअर कोसळले. मे आणि जून हे दोन महिने शहराने जीव मुठीत धरून काढले. १ जुलै उजाडला. पन्नास हजारांस घेईन म्हणणाऱ्यापाशी पाच हजारही नव्हते. एकाने दिले नाहीत म्हणून दुसऱ्यास देता आले नाहीत, दुसऱ्याने दिले नाहीत म्हणून तिसरा बुडाला. मोठमोठ्या पेढ्यांचे दिवाळे वाजले. प्रेमचंदशेठही त्यातून सुटले नाहीत. ज्या बँक ऑफ बॉम्बेने शेअर्सच्या तारणावर सढळ हाताने कर्जे दिली होती, ती १८४० साली स्थापन झालेली सरकारमान्य बँक अखेर गुंडाळावी लागली आणि १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली.

आपण म्हणाल, मास्तर, हे शेठ-सावकारांचे झाले. आम्हां दर्यावर्दी माणसांस त्याचे काय? तर आता आमच्या स्वतःच्या घरातील एक वही आपणांपुढे उघडतो. पन्नास-पंचावन्न वर्षे ती आम्ही मनातच ठेविली होती.

आमचे वडील नाखवा होते. स्वतःची बोट, हाताखाली चार खलाशी. पावसाळा आला की घरखर्चासाठी आणि जाळ्यांच्या दुरुस्तीसाठी ते एका मासळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेत. व्याज नाही, असे तो मोठ्या औदार्याने सांगे. अट एकच : नारळी पौर्णिमेनंतर जी मासळी येईल ती त्यासच द्यावयाची आणि भाव तो म्हणेल तो. वडिलांस अक्षरओळख नव्हती. आम्ही चौथीत गेलो तेव्हा त्यांनी ती वही आमच्या हाती दिली आणि म्हणाले, "बाळा, वाच बघू, किती राहिले?" आम्ही वाचू लागलो. प्रत्येक वर्षाच्या पानावर पहिलीच ओळ होती 'मागील बाकी'. उचल पाचशेची, पण मासळीचा भाव इतका उतरता धरलेला की हंगामभर मासळी घालूनही ती फिटत नसे. उरलेली बाकी पुढील पानावर जाई आणि पुढच्या पावसाळ्यात तिच्यावर नवी उचल चढे. मोठ्या बेरजा आम्ही शाळेत शिकलो खऱ्या, पण बेरजेचा अर्थ आम्हांस त्या वहीने शिकविला.

दोन वर्षांनी हंगामाच्या तोंडीच तुफानात आमची जाळी वाहून गेली. मासळी आली नाही. पुढील आषाढात व्यापारी घरी आला, चहा प्याला, वही उघडली आणि बोट स्वतःच्या नावे करून घेऊन गेला. त्यात बेकायदेशीर असे काहीच नव्हते. वडिलांनी शब्द दिला होता, तो वसूल झाला. त्यानंतर मरेपर्यंत आमचे वडील दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून गेले. १८६५ च्या शेठजींनी न विकत घेतलेला शेअर विकला. आमच्या वडिलांनी न पकडलेली मासळी विकली. दोघांनीही उद्याची वस्तू आजच विकली आणि दोघेही पावसाळ्यात बुडाले. मात्र एक भेद विसरता येत नाही. शेठजी लोभाने बुडाले; आमचे वडील दोन महिन्यांच्या पोटासाठी बुडाले.

हा जो पोटासाठी केलेला वायदा, तो घराघरांत कसा माजला होता याची देशाने रीतसर मोजदाद केली ती १९५१-५२ साली. रिझर्व्ह बँकेच्या ए. डी. गोरवाला समितीने ग्रामीण भागातील कर्जाची पाहणी करून १९५४ मध्ये अहवाल दिला. शेतकऱ्याने घेतलेल्या शंभर रुपयांपैकी सुमारे सत्तर रुपये सावकारांकडून येत होते. सहकारी संस्थांकडून जेमतेम तीन! समितीने सुचविले की सरकारच्या मालकीची एक मोठी बँक हवी आणि तिने खेड्यापाड्यांतून शाखा काढाव्यात. त्याप्रमाणे इम्पीरियल बँकेचे रूपांतर होऊन स्टेट बँक ऑफ इंडिया अस्तित्वात आली, ती तारीख १ जुलै १९५५. पाच वर्षांत चारशे नव्या शाखा काढण्याची जबाबदारी कायद्यानेच तिच्यावर टाकली. मौज अशी की, ही इम्पीरियल बँक १९२१ मध्ये ज्या तीन बँका एकत्र करून झाली, त्यांतील एक आपली ती नवी बँक ऑफ बॉम्बे होती. एका १ जुलैने जिला बुडविले, तिचीच वंशज दुसऱ्या १ जुलैला देशाची बँक झाली.

त्या वेळी अर्थमंत्री होते आपल्या रायगडच्या पायथ्याकडील, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. बरोबर अकरा वर्षांपूर्वी, १ जुलै १९४४ रोजी, अमेरिकेतील ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस राष्ट्रांची परिषद भरली आणि तीतून आंतरराष्ट्रीय नाणेनिधी व जागतिक बँक जन्मास आल्या. त्या परिषदेस गेलेल्या हिंदुस्थानच्या शिष्टमंडळातही देशमुख होते. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबई महाराष्ट्रापासून अलग ठेवण्याच्या निर्णयाविरुद्ध १९५६ मध्ये ज्यांनी मंत्रिपदाचा त्याग केला, तेच हे गृहस्थ. पैशाचा हिशेब आणि स्वाभिमान एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे मुलांनी त्यांच्यापासून ध्यानात घ्यावे.

परंतु बँक निघाली म्हणून माणूस तिच्या दारात जातोच असे नाही. आमची बोट गेली ती स्टेट बँक स्थापन होऊन दहा-बारा वर्षे झाल्यावर. आमच्या वडिलांस बँकेची पायरी चढण्याचे धैर्य झाले नाही. व्यापारी मात्र स्वतःच आमची पायरी चढून येई. संस्था उभी करणे हे सरकारचे काम. तिच्यापर्यंत चालत जाणे हे आपलेच.

बोट गेली तेव्हा आमच्या आईने काय केले, तेही सांगतो. आपल्या समाजात घराची तिजोरी बायकांच्या हाती असते, हे आपले मोठे भाग्य होय. त्या आषाढात आईच्या पाटल्या गहाण पडल्या. हंगाम सुरू झाल्यावर ती रोज पाटी डोक्यावर घेऊन बाजारास जाई आणि परतल्यावर, प्रथम घरातल्या कुणासही काही देण्याआधी, एक ठराविक नाणे पत्र्याच्या डब्यात टाकी. ज्या दिवशी धंदा बुडे त्या दिवशीही टाकी. त्यास ती 'आषाढाचा डबा' म्हणे. पहिल्या वर्षी त्या डब्याने निम्मा पावसाळा निभावला, दुसऱ्या वर्षी पुरा, आणि तिसऱ्या वर्षी पाटल्या सुटून आल्या. आम्ही मॅट्रिक झालो ते त्या डब्यावर.

ही आठवण आम्हांस तीव्रतेने झाली ती १९९१ साली. त्या वर्षी देशापाशी परदेशी चलन उरले होते जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते. १ जुलै १९९१ रोजी रुपयाचे अवमूल्यन जाहीर झाले आणि ३ जुलैला पुन्हा एकदा. एकवीस रुपयांच्या आसपास मिळणारा डॉलर दोन दिवसांआड सव्वीसच्या घरात गेला. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे सुमारे ४७ टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी तारण म्हणून गेले. पुष्कळांनी त्यात देशाची मानहानी पाहिली. आम्ही त्या दिवशी वर्गात मुलांस विचारले, "पावसाळ्यात तुमच्या घरी कधी सोने गहाण पडले आहे का?" प्रथम कुणी बोलेना. मग एक हात वर आला, दुसरा आला. पाहता पाहता निम्मा वर्ग हात वर करून होता. तेव्हा आम्ही मुलांस म्हणालो, "गहाण टाकणे ही लाज नव्हे, सोडवून न आणणे ही लाज." देशाने त्याच वर्षी ते कर्ज फेडले. पुढील कित्येक वर्षे परदेशी चलनाची गंगाजळी वाढवीत नेली, ती पुन्हा तसा पावसाळा येऊ नये म्हणून. आईचा डबा आणि देशाची गंगाजळी यांत आम्हांस तरी फरक दिसत नाही.

अलीकडील १ जुलै म्हणजे २०१७ चा. त्या दिवशी देशभर वस्तू व सेवा कर लागू झाला. ताजी मासळी त्यातून मुक्त राहिली. डिझेल त्या कराच्या बाहेरच ठेवले गेले, त्यामुळे त्यावरील जुने कर व आपला डिझेल परताव्याचा हिशेब मागल्याप्रमाणे चालू राहिला. म्हणजे पावत्या जपून ठेवण्याचे काम काही चुकले नाही. आणि महाराष्ट्रात १ जुलै हा वसंतराव नाईक यांचा जन्मदिवस, कृषिदिन म्हणून पाळला जातो. आजवर या दिवशी आपण म्हणत असू, तो शेतकऱ्यांचा सण. आपला काय संबंध? परंतु एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा कृषिदिन आता आपलाही झाला. या दर्जामुळे किसान क्रेडिट कार्ड, विमा, सवलतीचे कर्ज यांची दारे उघडावयाची आहेत. पण दार उघडे असले तरी आत जाणारा आपल्या कागदपत्रांसह गेला पाहिजे. आमच्या वडिलांनी केलेली चूक आपण पुन्हा करू नये.

आता तरुण मंडळींस दोन शब्द कठोरपणे सांगतो; म्हाताऱ्या मास्तराचा राग मानू नये. १८६५ चा वायदा मेलेला नाही. तो आता खिशातील मोबाइलमध्ये येऊन बसला आहे. वायदेबाजारात हजार-पाचशे टाकून झटपट श्रीमंत होण्याचे वेड आपल्याही पाड्यांत शिरले आहे. शेअर बाजाराची देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आपली पाहणी प्रसिद्ध केली. तीन वर्षांत या वायद्यांच्या व्यवहारात उतरलेल्या शंभर सामान्य माणसांपैकी त्र्याण्णव तोट्यात गेले. तोट्याची सरासरी माणशी सुमारे दोन लाख. दर्यात उतरताना आपण वारा पाहतो, भरती-ओहोटी पाहतो. ज्या दर्यात शंभरांतून त्र्याण्णव होड्या बुडतात, त्यात आपला कोणता नाखवा होडी घालील? आणि ती होडी जर आईच्या पाटल्या गहाण टाकून घातलेली असेल, तर त्यास धाडस म्हणावे की काय म्हणावे, ते आपणच ठरवा.

अखेरीस या मेळाव्यापुढे आम्ही दोन नम्र सूचना ठेवितो. पहिली अशी की, दर वर्षी १ जुलैला प्रत्येक घरी वही उघडावी. कुणाचे किती देणे, कशाच्या तारणावर आणि पुढील हंगामाची मासळी कुणास शब्दाने बांधलेली आहे काय, हे सारे लिहावे. लिहिण्याचे काम घरातील शाळकरी मुलामुलींस द्यावे आणि त्यांनी ते मोठ्याने वाचून दाखवावे. मूल वाचू लागले की मोठ्यांस खरे बोलावेच लागते, हा आमचा अनुभव आहे.

दुसरी सूचना अशी की, नारळी पौर्णिमेपासून मे महिन्यापर्यंत धंद्याच्या प्रत्येक दिवशी प्रत्येक घराने शंभर रुपये बाजूस काढून बँकेत वा टपालखात्यात पावसाळ्यासाठी ठेवावेत. धंद्याचे दिवस दोनशे धरले तर वीस हजार रुपये होतात. म्हणजे जून आणि जुलै या दोन्ही महिन्यांस दहा-दहा हजार, कुणापुढे हात न पसरता. ज्यांस शंभर जड जातात त्यांनी पन्नास टाकावेत, पण धंदा बुडाला त्या दिवशीही टाकावेत. संस्थेने केवळ वर्षातून एकदा चौकशी करावी, कुणाच्या घरी डबा भरला आणि कुणाच्या घरी नाही. आणि ज्याचा भरला नाही त्यास न हिणविता विचारावे, का नाही भरला?

वायदा वाईट नव्हे. अर्ध्या आण्याचे तिकीट हाही वायदाच होता. पण ज्याने वायद्यामागे आधी काही साठविले, त्याचा १ जुलै सुखाने उजाडतो. ज्याने उद्याच विकून टाकला, त्याच्या दारात तो दिवस वही घेऊन येतो. आज आपला बंदीचा मधला दिवस आहे. अजून तीस दिवस काढावयाचे आहेत. ते ज्याच्या त्याच्या डब्यावर निघोत, आणि नारळी पौर्णिमेला समुद्रात जाणारी प्रत्येक होडी व तिच्यात येणारी प्रत्येक मासळी तिच्या नाखव्याचीच असो, एवढीच इच्छा.